दांड्यावरचं नाव

चांद्याला जटपुरा दरवाज्याच्या आत देवाजीचा फोटो स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे एक खुर्ची आणि मागे एक पडदा. पडद्यावर सरोवर, सरोवरात हंस आणि चांद्यात कुणीच न पाहिलेला बर्फाचा डोंगर. खुंटीला एक काळा कोट टांगलेला असे. हा कोट सगळ्या गावाचा. ज्याला नवरदेव व्हायचं असेल तो त्यात शिरे, त्यामुळे चांद्यातल्या झाडून सगळ्या नवरदेवांचे खांदे फोटोत एकाच मापाचे दिसत. कोटाशेजारी आरसा, फणी, पावडरीचा डबा आणि दारावर पाटी: ‘तोंड धुऊन आत यावे.’

माणूस समोर खुर्चीत बसला की त्याची जमेची बाजू आणि खर्चाची बाजू देवाजीला एकदमच दिसायची. जो पावडर जास्त थापतो त्याचं लग्न जमत नसतं. जो घड्याळाचा हात पुढे काढून बसतो त्याचं घड्याळ हमखास बंद. नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून जी बाई ताठ उभी राहते, तिच्या घरात तिचंच चालतं. आणि जी लाजून खाली बघते, तिच्याही घरात तिचंच चालतं. लोकांचा असा हिशेब त्याला बरोबर मांडता यायचा. चुकायचा तो स्वतःचा.

हिवाळ्यात त्याचा धंदा बदलायचा. शिकारी साहेब जंगलात उतरत, वाघ मारत आणि वाघावर पाय ठेवून उभे राहत. देवाजी फोटो काढी. वाघ मेलेला आणि साहेब जिवंत, एवढाच काय तो दोघांच्या चेहऱ्यांतला फरक. आणि काही साहेबांच्या बाबतीत तोही शोधावा लागे.

अशाच एका हिवाळ्यात कामठीच्या छावणीतले कर्नल बर्वे शिकारीला आले. आठवडाभर वाघ काही त्यांच्यासमोर आला नाही. फोटोवाला तर बोलावून ठेवलेला. मग कर्नलसाहेबांनी पेटीतून एक तलवार काढली. दुसरं महायुद्ध संपल्यावर पलटणीबरोबर ते वर्षभर जपानात होते, तिथून आणलेली. म्हणाले, वाघ नाही तर हिचा काढ.

देवाजीनं काढला. धुऊन आणला. कर्नलसाहेबांनी तो उजेडात धरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाले, “देवाजी, तलवारीत तू फार छान आला आहेस.”

खरंच होतं. पात्याच्या जागी एक पांढरी काठी उमटली होती आणि त्या काठीत देवाजीचं नाक, देवाजीची टोपी आणि विश्रामगृहाची कौलं, सगळं कसं स्वच्छ आलं होतं. यायची होती फक्त तलवार.

कर्नल माणूस वाईट नव्हता. त्यानं देवाजीला खिडकीजवळ बसवलं, पातं तिरपं धरून दाखवलं. धारेच्या कडेकडेनं पांढरट धुक्यासारखी एक लाट गेली होती, सरळ बघितलं की नाहीशी व्हायची, तिरपं धरलं की पुन्हा दिसायची. प्रत्येक लोहाराची लाट वेगळी असते, कर्नलनं सांगितलं. पण खरी गोष्ट मुठीच्या आत. मुठीत बांबूची एक बारीक खुंटी असते, ती ठोकून बाहेर काढली की मूठ निघते आणि आतला दांडा मोकळा होतो. पातं घासून नवं करता येतं, पण दांड्याला जपानी माणूस कधी हात लावत नाही. त्याच्यावर चढलेला गंज म्हणजेच तलवारीचं वय. आणि त्या गंजाखाली, छिन्नीनं कोरलेलं, बनवणाऱ्या लोहाराचं नाव. जपानात एक म्हातारा पंडित कर्नलच्या ओळखीचा होता. दांड्याचा नुसता फोटो पाहून तो सांगायचा, तलवार कुठली, कोणाच्या हातची, किती पिढ्यांमागची.

बर्मातून आपल्या पलटणींतल्या पुष्कळ जवानांनी असल्या तलवारी घरी आणल्या आहेत, कर्नल म्हणाला. कुठे सापडली तर दांड्याचा फोटो काढ, मी पंडिताकडे पाठवीन. मग जाता जाता, तुला जमायचं नाही बहुतेक, असंही म्हणाला. हे शेवटचं वाक्य त्यानं पोटात ठेवलं असतं तर देवाजीचा पुढचा सगळा त्रास वाचला असता.

पण देवाजीच्या मनात ते रुतलं. इतकी वर्षं त्यानं फोटो काढले, लोकांनी ते भिंतीला टांगले, हार घातले, झुरळांनी मागून खाल्ले. एकदा तरी आपण असा फोटो काढावा की तो पाहून कुणीतरी काही वाचेल. एवढंच त्याला हवं होतं, आणि तेवढ्यासाठी देवाजी तलवारी शोधू लागला.

बर्मातून परतलेला कुणीही बाजारात भेटो, बायकोपोरांचं विचारायच्या आधी देवाजी तलवारीचं विचारी. बातमी पसरली की चांद्याचा फोटोवाला जुनी हत्यारं पाहतो. लोक काय काय घेऊन आले! एकानं बंदुकीची संगीन आणली. एका जमीनदाराच्या दिवाणजीनं घराण्याची भवानी म्हणून जी आणली, तिच्यावर कारखान्याचा शिक्का होता. दंडारीच्या नाटकात राजा होणाऱ्या एका गड्यानं पत्र्याची तलवार आणली आणि ती जपानी नाही असं म्हटल्यावर तो चिडला, कारण गेल्या खेपेला त्यानं तिनं दोन राक्षस मारले होते.

सिंदेवाहीकडे पत्रू आणि बुधू असे दोघे भाऊ होते. त्यांच्या थोरल्या भावाकडे बर्मातून आणलेली खरी जपानी तलवार होती. थोरला वारला, वाटण्या झाल्या, बैल वाटले, आंबा वाटला, तलवारीवरून अडलं. शेवटी पंचांनी न्याय केला. लोहाराकडून तलवार मधोमध तोडली. बुधूला मुठीचा भाग गेला, त्यानं दांडा सरळ करून त्याची पहार केली. पत्रूला टोकाचा आला, त्यानं त्याचा कोयता करायचं मनात योजलं होतं, पण अजून मुहूर्त लागला नव्हता. देवाजीनं पत्रूच्या सगळ्या घरादाराचा फोटो काढून दिला आणि ते टोक घरी आणलं. तो त्याचा संग्रह. नाव होतं ते पहारीत गेलं आणि लाट तेवढी हाती आली.

बायको मनकर्णा म्हणाली, “अर्धी तं भेटली. आता अर्धं डोस्कं पाहा कुठी भेटते तं.”

उन्हाळ्याच्या तोंडाशी बातमी आली की चामोर्शीच्या बाजूला, मार्कंड्याच्या अलीकडे, वैनगंगेच्या काठाला मासेमारी करणाऱ्या ढीवरांचं एक टोलं, छोटी वस्ती, आहे. तिथल्या इस्तारीकडे तलवार आहे, आणि ती अख्खी आहे. देवाजी मूल गावापर्यंत मोटारीनं, पुढे बैलगाडीनं आणि शेवटी डोंग्यानं नदी ओलांडून, घडीचा कॅमेरा पोटाशी धरून तिथे पोचला.

इस्तारी हाडापेरानं मोठा, बोलायला थोडका. बर्मात पलटणीची खेचरं सांभाळायचा. एका पुराच्या नदीत त्याच्या साहेबाचं खेचर वाहिलं, त्याबरोबर साहेबही वाहिला. हा जातीचा ढीवर. त्यानं आधी साहेब काढला, मग खेचर काढलं. जपान्यांनी हत्यारं खाली ठेवली तेव्हा तलवारींचा ढीग पडला. त्या ढिगातून साहेबानं आपल्या हातानं एक उचलली आणि याला दिली. सरकारी कागद मात्र कुठला दिला नाही. त्यामुळे टोल्यातला वारलू, ज्याची इस्तारीशी डोहातल्या मासळीच्या वाट्यावरून जुनी कुरबुर होती, तो वर्षानुवर्षं एकच म्हणत आला होता, की खेचरं राखणाऱ्याले तलवार कोन देते जी. उचलली असन.

तलवार छपराच्या वाशांत गोणपाटात गुंडाळून ठेवली होती. चुलीचा धूर लागून गोणपाट काळं झालं होतं, पण आत मोहाच्या बियांच्या तेलानं माखलेलं पातं सुखरूप होतं. इस्तारीची बायको रंभा अंगणात जाळं सांधत बसली होती. तिनं ते बाजूला सारून जागा केली. तलवार निघाली म्हटल्यावर टोलं जमलं. वारलूही आला.

देवाजीनं खिळा आणि दगड मागून घेतला. खुंटी ठोकली. मूठ हलवून हलवून काढली. आतून दांडा निघाला, काळपट, तपकिरी, जांभळाच्या सालीच्या रंगाचा, आणि त्या गंजात कोंबडीनं उकरल्यासारख्या रेघा. वरपासून खालपर्यंत, एका ओळीत.

देवाजीचा आवाज जन्मात ‘हलू नका’ याच्यावर कधी चढला नव्हता. तो ओरडला, “नाव आहे! हिच्यावर नाव आहे!”

मग वारलूनं विचारलं, “कोनाचं नाव हाय जी?”

“बनवणाऱ्याचं. जपानी माणसाचं.”

“म्हंजे इस्तारीचं नाई.”

लोक हसले. देवाजीनं हसणं ऐकलं, पण तो कॅमेऱ्याची घडी उघडत होता आणि लोक आपल्या आनंदात सामील झाले असं त्याला वाटलं. माणसांच्या हिशेबात एरवी न चुकणारा हा गडी, ती रक्कम त्यानं नेमकी उलट्या बाजूला मांडली. रंभा मात्र हसली नव्हती. इस्तारी दांड्याकडे बघत होता. एवढी वर्षं आपल्या छपरात कोण राहून गेलं, असं काहीसं त्याच्या तोंडावर होतं.

त्या मुलखात भांड्यावर नाव घालायची रीत आहे. लग्नाकार्यात सगळ्या टोल्याची भांडी एका मांडवात येतात, घागरी, पातेली, पराती. कार्य उरकल्यावर ज्याचं नाव त्याची घागर. त्यावर पंचायत बसत नाही, कुणी शपथ घेत नाही. आणि आपल्या घरात दुसऱ्याच्या नावाची घागर निघाली, तर काय म्हणतात ते सांगायला नको. ही गोष्ट देवाजीला ठाऊक नव्हती असं नाही; त्याच्या स्वतःच्या घरी भांडी होती. पण तलवार आणि घागर या दोन वस्तू त्याच्या डोक्यात वेगवेगळ्या फळ्यांवर होत्या. टोल्यात फळी एकच होती.

ऊन डोक्यावर होतं. देवाजीनं दांडा उन्हात धरला आणि रोल संपेपर्यंत फोटो घेतले. पुन्हा येईन, फोटो परदेशात पाठवायचाय, याला हात लावू नका, जपून ठेवा, असं सांगून मूठ बसवून निघाला. हात लावू नका कशाला, ते सांगायचं राहिलं. डोंगेवाला घाई करत होता.

चांद्याला येऊन त्यानं रोल धुतला. दांडा आला होता, कोळशाच्या खांडासारखा. काळा, सपाट, मुका. एका फोटोत वरच्या अंगाला दोन-तीन रेघा असल्याचा भास होत होता, पण तो देवाजीलाच. मनकर्णाला विचारलं तर ती म्हणाली, जळलेली भाकर दिसून राह्यली.

दुसरा असता तर त्यानं सोडून दिलं असतं. देवाजीनं घरातली पहार आणली. तिच्यावर गंज होताच, छिन्नीनं स्वतः चार अक्षरं कोरली आणि पहारीचे फोटो काढायला लागला. तोवर पाऊस लागला, नदी भरली, टोल्याची वाट बंद झाली. पावसाळाभर तो पहारीच्या मागे होता. लग्नाची बोलणी करायला आलेले लोक मुलीचा फोटो काढायला स्टुडिओत यावेत आणि खुर्चीवर, बर्फाच्या डोंगरासमोर, शालीवर निजवलेली पहार असावी. एक पाहुणा तर नमस्कार करून गेला.

पण जमलं. खिडकीला काळं कापड लावायचं, त्यात एक चीर ठेवायची आणि उजेड समोरून नाही, वरून नाही, तर अगदी बाजूनं, दांड्याला घासून जाईल असा सोडायचा. मग खोल रेघ सावलीनं भरते आणि अक्षर उठून उभं राहतं. पात्याची विद्या वेगळी. तिच्यासाठी वर पांढरं धोतर ताणून बांधायचं, म्हणजे पात्यात कौलं न दिसता धोतर दिसतं, आणि आपलं नाक काळ्या कापडाआड लपवायचं. पत्रूच्या अर्ध्या तलवारीत ज्या दिवशी लाट आली, त्या दिवशी देवाजीनं मनकर्णाला हाक मारली. तिनं फोटो पाहिला, कोपऱ्यात दिसणारं धोतराचं टोक पाहिलं आणि हे धोतर धुवाले टाका, एवढंच म्हणाली.

आता फक्त नदी उतरायची होती.

दसऱ्यानंतर वाट मोकळी झाली. देवाजीनं काळं कापड, धोतर, तिपाई, सगळं बांधलं आणि सकाळचा तिरपा उजेड हाताशी यावा म्हणून आदल्या दिवशीच चामोर्शीत मुक्काम केला. टोल्यात पोचला तेव्हा इस्तारी वाटच बघत होता. अंघोळ केलेली, धुतलेला सदरा, केसांना तेल. तलवार नव्या मांजरपाटात गुंडाळलेली. रंभानं चहा ठेवला. या खेपेला अंगणात गर्दी नव्हती, पण वारलू कुडाच्या पलीकडून दिसत होता.

देवाजीनं खिळा आणि दगड घेतला. खुंटी पहिल्याच ठोक्याला निघाली. मूठ सहज सुटली, आणि जुनी मूठ इतकी सहज सुटत नाही.

दांडा लखलखत होता, नव्या विळ्यासारखा. गंज नावालाही नव्हता. आणि त्यावर, वळणदार, ठिपक्याठिपक्यांनी ठोकलेली अक्षरं होती: इस्तारी डोमा ढीवर, सन १९५४. अक्षरांच्या अलीकडे एक कमळ आणि पलीकडे एक कमळ.

देवाजीनं अक्षरांवरून बोट फिरवलं. मग त्यानं विचारलं, “हे कोनं केलं?”

“झिंगू लोहारानं कानशीनं घासून देल्लं,” इस्तारी म्हणाला. “नाव चामोर्शीच्या बाजारात घालून घेतलं, भांडेवाल्याकडून. फुलं त्यानं आपल्या मनानंच घातले.”

“काऊन पण? काऊन, इस्तारीभाऊ? मी सांगून गेलो होतो ना, हात लावू नका म्हनून.”

“तुमी सांगून गेले जी,” इस्तारी म्हणाला. “मले इथीच राहा लागते.”

मग त्यानं सांगितलं. एरवी थोडकं बोलणारा तो माणूस त्या दिवशी थांबला नाही. देवाजी गेला त्या दिवसापासून टोल्यात इस्तारीचं नाव जपान्या पडलं. मार्कंड्याला एका लग्नात मांडवातून भांडी परत द्यायची वेळ आली तेव्हा चार गावच्या लोकांसमोर वारलू म्हणाला, इस्तारीच्या घागरीवर कोनाचं नाव हाय, ते आधी पाहून घ्या. आजवर नुसतं उचलली असन म्हणायचे. आता चांद्याचा शिकलेला माणूस येऊन सगळ्यांच्या देखत वाचून गेला होता की नाव दुसऱ्याचं आहे. पोरीचं स्थळ आलं होतं, तेही दोन महिने घोटाळत राहिलं.

“साहेबाले पान्यातून काढलं तवा भेटली हे मले,” तो म्हणाला. “माही हाय तं माह्या नावाची पाह्यजे. दसऱ्याले पूजेत मूठ काढून ठेवली. सगळ्यानं वाचलं. वारलूनंबी वाचलं. आता कोनी काई म्हनत नाई.”

कुडापलीकडे वारलू खाली बसला.

देवाजी म्हणाला, की अहो ते नाव तीन-चारशे वर्षांचं होतं, एवढाच त्या तलवारीचा जीव होता, त्या गंजात होता. जे पाच मिनिटांत उन्हाळ्यातच सांगायचं होतं ते तो आता सांगत होता. इस्तारीनं सगळं नीट ऐकून घेतलं. शेवटी रंभाच मधे बोलली. तिला नवऱ्याची बाजू घ्यायची होती आणि पाहुण्यालाही वाईट वाटू द्यायचं नव्हतं.

“तुमच्याच दुकानावर लिवलं हाय म्हंतेत ना भाऊ, तोंड धुऊन यावे. फोटो परदेशात जाईन म्हने. गंजल्या तोंडानं कायले धाडाचं?”

पाटी देवाजीनं स्वतःच्या हातानं रंगवली होती.

त्यानं दांडा उजेडात फिरवून फिरवून पाहिला. झिंगूनं काम चोख केलं होतं, इतकं चोख काम त्यानं कुणाच्या नांगराचं केलं नसेल. एका कडेला, कमळाच्या देठाला लागून, जुन्या छिन्नीची अर्धी रेघ राहून गेली होती. ती कशाची, हे आता कुणालाच कळणार नव्हतं.

सकाळचा उजेड तिरपा पडला होता, अगदी पावसाळाभर त्याला हवा होता तसा. एवढा उजेड वाया घालवणं देवाजीच्या हाताला जमेना. त्यानं काळं कापड बांधलं, चीर ठेवली, दांडा ठेवला आणि फोटो काढला.

चांद्याला येऊन तो धुतला. आयुष्यात इतका चांगला फोटो त्याच्या हातून झाला नव्हता. प्रत्येक ठिपका वेगळा, प्रत्येक वेलांटीची सावली जागच्या जागी, कमळाच्या पाकळ्या मोजून घ्याव्यात अशा. मनकर्णानं तो हातात घेतला आणि पहिल्यांदाच काही खोड काढली नाही. देवाजीनं तिला सगळा किस्सा सांगितला, झिंगूला शिव्या दिल्या, बाजारातल्या भांडेवाल्याला दिल्या, इस्तारीला द्यायला लागला तेव्हा ती म्हणाली, “त्याचं काय चुकलं जी? माह्या बापानं देल्लेल्या घागरीवर त्याचं नाव होतं. लग्नाच्या दुसऱ्या महिन्यात घासून तुमी तुमचं घालून घेतलं. ते काऊन केलं होतं?”

देवाजी पाणी प्यायला गेला. घागर तीच होती.

हिवाळ्यात कर्नल बर्वे आले. देवाजीनं दोन्ही फोटो त्यांच्यापुढे ठेवले, उन्हाळ्यातला काळा आणि दसऱ्यानंतरचा लख्ख, आणि झालेलं सगळं सांगितलं. कर्नल हसले नाहीत, हे विशेष. दोन्ही फोटो घेऊन गेले. चैत्रात, महाकालीच्या जत्रेच्या आधी, बल्लारशाला जाताना ते मुद्दाम स्टुडिओत उतरले. पंडिताचं उत्तर आलं होतं.

पंडितानं काळा फोटो भिंगाखाली दोन दिवस पाहिला होता. वरची अक्षरं त्याला लागली होती. तलवार कुठल्या मुलखातली ते त्यात होतं. मुलूख लोहारांचाच होता, प्रत्येक पिढीत शेकड्यानं लोहार. त्याच्याखाली लोहाराचं स्वतःचं नाव, ते काळोखात होतं.

“म्हणजे गाव वाचलं, माणूस नाही,” देवाजी म्हणाला.

“हो. आणि म्हणतो, तलवार फार चांगल्या हातची दिसते. तोच फोटो बाजूनं उजेड सोडून काढला असता, तर नावही वाचून दिलं असतं.”

बाजूनं उजेड कसा सोडायचा हे आता चांद्यात देवाजीइतकं कुणाला ठाऊक नव्हतं.

“दुसरा फोटो त्यानं ठेवून घेतला,” कर्नल पुढे म्हणाले. त्यांनाही ते सांगणं जड जात होतं. “शिष्यांना दाखवायला. दांड्याचा फोटो कसा काढावा, तर असा, म्हणून. मी त्याला घासल्याचं कळवलं होतं. त्यावर त्यानं काही लिहिलं नाही. नुसतं विचारलंय, की हा फोटो काढणाऱ्यानं पहिला का काढला नाही.”

जत्रा भरली. तिसऱ्या दिवशी इस्तारी आणि रंभा देवीला आले आणि देवीचं करून स्टुडिओत आले. इस्तारीनं तलवार बरोबर आणली होती, मांजरपाटात गुंडाळून, भर जत्रेतून, खांद्यावर. पूर्वी ती छपरातून निघत नसे. पोरीचं जमल्याचंही रंभानं सांगितलं, आणि मांडवात लावायला इस्तारीचा तलवारीसकट फोटो पाहिजे असल्याचंही. मग ती बांगड्या पाहायला बाहेर थांबली.

इस्तारीनं दारातच पाणी मागून तोंड धुतलं. आरशात पाहिलं, फणी फिरवली. गावाचा काळा कोट त्याला आखूड झाला, तरी तो त्यात शिरला. खुर्चीत बसून, तलवार मांडीवर घेऊन त्यानं विचारलं, “त्या पंडितानं वाचलं का जी?”

“त्याचं नाव नाही वाचता आलं,” देवाजी म्हणाला. “गाव तेवढं वाचलं. तुमचं नाव मात्र सगळ्यांना वाचता आलं.”

इस्तारीनं थोडा विचार केला. देवाजीचं तोंड उतरलेलं त्याला दिसत होतं आणि आपल्या परीनं काहीतरी वाट काढून द्यावी असं त्याला मनापासून वाटलं.

“गाव भेटलं ना? मंग त्या गावात जाऊन कोनाले तरी विचारा,” तो म्हणाला. “गावातल्या मानसाले गावातला मानूस मालूम असते.”

देवाजी काळ्या कापडाखाली शिरला. कॅमेऱ्याच्या काचेवर उलटा इस्तारी होता, उलटा बर्फाचा डोंगर, मांडीवर उलटी तलवार. आणि पात्याच्या मधोमध उलटी कौलं, आणि कापड नीट ओढलेलं नसल्यामुळे उलटं नाक. ते सगळं कसं घालवायचं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. धोतर आतल्या खोलीत घडी घालून ठेवलेलं होतं, ताणून बांधायला अर्धा तास पुरला असता.

“लवकर करा जी,” इस्तारी म्हणाला. “बाई बाहेर खोळंबली हाय.”

“हलू नका,” देवाजी म्हणाला.